घोटा मुरगळला तेव्हा

घोटा मुरगळला की पहिली धास्ती एकच असते: हाड तर मोडलं नाही ना? जिना उतरताना माझं पाऊल आतल्या बाजूला वळलं आणि बघता बघता बाहेरच्या घोट्याखाली लिंबाएवढी सूज आली.

डॉक्टर आता एक्स-रे लिहून देणार, हे मी धरूनच चाललो होतो. त्यांनी मात्र घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड अंगठ्याने टोकापर्यंत दाबत नेली. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मागे, जिथे हाडाचा उंचवटा लागतो तिथे दाबलं. आतल्या बाजूलाही एका ठिकाणी दाबून पाहिलं. "चार पावलं टाका बघू." लंगडत टाकली. नेमकं हाडावर दुखत नव्हतं, भार पेलत होता, म्हणून एक्स-रे नको म्हणाले. या तपासणीला ओटावा नियम म्हणतात. कॅनडातल्या डॉक्टरांनी ते १९९२ मध्ये मांडले.

दुखावलं होतं ते लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा. स्नायू ताणला गेला तर प्रकार वेगळा. तो आवळला की कळ येते. लिगामेंटच्या दुखापतीच्या तीन पायऱ्या: नुसतं ताणलेलं, अर्धवट फाटलेलं, पूर्ण तुटलेलं. माझं मधलं.

सुरुवातीचे दिवस कंटाळवाणे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. चोळायला सक्त मनाई. निळा डाग बोटांपर्यंत उतरला तेव्हा टरकलो होतो, पण साकळलेलं रक्त खाली उतरतंच. सोसेल तेवढं चालायला मात्र लवकरच सांगितलं.

खरी गंमत पुढे. सूज गेली, दुखणं थांबलं, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, "एका पायावर उभे राहा, डोळे मिटा." चांगल्या पायावर सहज जमलं. दुसऱ्यावर डोळे मिटताच तोल गेला, टेबल धरावं लागलं. सांधा किती वळलाय ही खबर मेंदूला देणारे तंतू लिगामेंटमध्येही असतात. दुखापतीनंतर ती खबर नीट पोचत नाही, म्हणून तोच घोटा पुन्हा मुरगळतो. बहुतेक लोक दुखणं थांबलं की व्यायाम सोडतात, आणि घोळ तिथेच होतो.

मग दात घासताना एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं, रबरी पट्टा लावून पाऊल बाहेर ढकलणं. दुखऱ्या पायावर लंगडी घालून दाखवल्यावरच धावायची परवानगी मिळाली, तीही आधी सपाट रस्त्यावर.