माथेरानची माती, मंद आचेवर

माथेरानला याआधी चार वेळा गेले आणि चारही वेळा, पुन्हा इथे यायचं नाही, असं ठरवून घरी आले. गर्दी, घोड्यांची लीद, पांढऱ्या बुटांचा कायमचा झालेला तांबडा रंग. पाचव्यांदा गेले ती मामामुळे. मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते आणि त्याला मित्रांबरोबर दोन रात्री माथेरानला जायचं होतं. मामीने एकट्याला सोडायला साफ नकार दिला. तिला मित्रांचा भरवसा नव्हता. "ते चौघं रूळ दिसला की स्वतःचं नाव विसरतात, याचा गुडघा कुठला लक्षात ठेवतात," असं म्हणून तिने मला पकडलं.

हे मित्र म्हणजे मॉडेल रेल्वेवाले. घरात टेबलावर रूळ मांडून छोट्या गाड्या चालवणारी माणसं. त्यांना 'खेळणं' हा शब्द चालत नाही, हे मी पहिल्या दहा मिनिटांत शिकले. एक दातांचे डॉक्टर, जे दवाखान्यातल्या जुन्या अवजारांनी इंजिनाच्या खिडक्या कोरतात. एक निवृत्त मालगाडीचे गार्ड, त्यांना सगळे गार्डसाहेबच म्हणतात. आणि एक तेवीस वर्षांचा मुलगा, सर्वांत लहान म्हणून 'बारक्या', जो मामासकट तिघांना बिनदिक्कत अरेतुरे करतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

नेरळहून माथेरानच्या छोट्या रेल्वेगाडीत बसलो. गाडीबद्दल काय सांगू? समोरच्याचे गुडघे आणि आपले गुडघे यांची ओळख पटते, तिथून पुढे दोन तासांहून जास्त वेळ ती घट्टच होत जाते. मी मामाच्या गुडघ्यावर बॅग धरून बसले होते. चौघांना मात्र बाहेरच्या दरीशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांचं लक्ष खाली रुळाकडे. या रुळाची रुंदी, म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर, फक्त 610 मिलीमीटर. चढ काही ठिकाणी 1:20, म्हणजे वीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. गार्डसाहेब म्हणाले, "आमच्या बोरघाटात 1:37 चा चढ, तर तिथेही मागून ढकलायला बँकर इंजिनं लावायला लागतात. आणि हे बघा, कसं चाललंय एकटं!" आवाजात सासरच्या माणसाचं कौतुक करताना असतो तसा किंचित मत्सर होता.

मामाला घरी हीच लाइन बनवायची आहे. गेली तीन वर्षं बनवतोय. त्याने मला गाडीतच हिशेब सांगितला. खरी लाइन सुमारे 21 किलोमीटर. त्याचं प्रमाण 1:87, म्हणजे खऱ्यातले 87 मीटर मॉडेलमध्ये एक मीटर, तर सगळं जसंच्या तसं करायचं म्हटलं तर 241 मीटर रूळ लागेल. त्याची खोली तीन मीटरची. उंचीचंही तेच. नेरळ ते माथेरान चढण साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेलमध्ये साडेआठ मीटर. "माथेरान स्टेशन तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात काढावं लागेल," मामा म्हणाला. ते बिऱ्हाड तयार होणार नाही याचं त्याला खरंच वाईट वाटत असावं.

मग रुळाच्या रुंदीवरून जुंपली. 610 मिलीमीटरला 87 ने भागलं की सात येतात, आणि बाजारात रूळ मिळतात साडेसहाचे नाहीतर नऊचे. मामाने नऊचे घेतले. डॉक्टरांच्या मते ही फसवणूक आहे. मामाने उलटा वार केला, की डॉक्टरांची मेन लाइन कुठे खरी आहे? भारतातली ब्रॉडगेज 1676 मिलीमीटर, ती या प्रमाणात 19.3 व्हायला हवी. पण जगभर सोळा-साडेसोळाचाच रूळ मिळतो, कारण तो परदेशातल्या 1435 च्या गेजवरून आलाय. "म्हणजे तुमची राजधानी एक्स्प्रेस बारीक पायांवर उभी आहे, डॉक्टर." समोरच्या बाकावरच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "हे सगळे रेल्वेत आहेत का हो?" मी म्हटलं, एकच होते. बाकीच्यांना व्हायचं होतं.

(ही लाइन एका माणसाच्या हट्टातून झाली, हेही मला याच प्रवासात कळलं. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या, सर आदमजींच्या, पैशांवर ती बांधली आणि 1907 मध्ये पहिली गाडी वर गेली. वडिलांकडून रेल्वेसाठी पैसे मागणारा मुलगा! बारक्याला हा माणूस फारच आवडतो.)

पॉइंट किती पाहिले? एक. तोही बारक्याला दरीचे फोटो हवे होते म्हणून. माकडाने माझं बिस्किटांचं पाकीट नेलं. पहिला दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, की हे लोक माथेरानला फिरायला आलेलेच नव्हते. ते माती न्यायला आले होते.

आम्ही उतरलो होतो ते घरगुती ठिकाण. पुढे चार खोल्या, मागे मालकीणबाईंचं स्वयंपाकघर आणि पडवीत चूल. मंडळी त्यांना वहिनी म्हणत होती, मी काकू. मामाने चहा पिता पिता अंगणाच्या कडेला पावसाने वाहून आलेल्या ढिगाकडे बोट दाखवून विचारलं, "वहिनी, यातली ओंजळभर माती घेऊ का?" काकू म्हणाल्या, "घ्या की, सगळी न्या. रोज झाडून माझा जीव जातो." मग मामाने पुढचा प्रश्न विचारला. "आणि एखादी कढई मिळेल का? भाजायला."

काकूंचा चेहरा मी विसरणार नाही.

कारण असं, की माती तशीच मॉडेलवर पसरली तर तिच्यात ओल असते, किड्यांची अंडी असतात, आणि वरून पातळ फेविकॉल सोडला की महिन्याभरात डोंगराला बुरशी येते. मामाच्या पहिल्या नेरळला आली होती. त्याने घरी मामीच्या कढईत माती भाजली होती, ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरायला मामी तयार झाली नाही आणि तेव्हापासून त्याला ओट्याजवळ उभं राहायची बंदी आहे. माथेरानला येण्यामागचं खरं कारण हे होतं. मामीपासून दूर एक चूल.

काकूंनी पडवीच्या कोपऱ्यातून एक कान तुटलेली लोखंडी कढई काढून दिली. चाळणं हे माझ्याकडे आलं. आधी चहाची गाळणी, मग मैद्याची चाळणी, मग काकूंच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. इतकं बारीक कशाला, असं मी कुरकुरले, तेव्हा गार्डसाहेबांनी चिमटीत एक खडा धरला. "हा एक मिलीमीटरचा आहे. तुमच्या मामांच्या जगात हा झाला पावणेनऊ सेंटिमीटरचा धोंडा. रेल्वेची खडी मोठ्यात मोठी 65 मिलीमीटरची. हा खडा माझ्या सेक्शनात रुळाखाली दिसला असता तर मी लिहून दिलं असतं." मी गुपचूप पुन्हा चाळायला बसले.

भाजायला बसले डॉक्टर, कारण त्यांचा हात स्थिर. काकू पोळ्या लाटता लाटता दारातून बघत होत्या. पाच मिनिटं त्यांनी सहन केलं. मग लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "अहो, जाळ कमी करा. आणि हात थांबवू नका, खाली लागेल."

"माती खाली लागते?" डॉक्टरांनी अगदी मनापासून विचारलं.

"बेसन लागतं तर माती का नाही लागणार?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी जाळ कमी केला. पुढचा अर्धा तास त्या कढईभोवती जे काही चाललं होतं ते दिवाळीच्या आधी माझ्या आजीच्या घरी चालायचं तेच होतं. रंग बदलला का, अजून कच्ची आहे, वास आला की काढा. वासही खरंच येतो. आधी पहिल्या पावसाचा, मग नव्या माठाचा, आणि शेवटी तापल्या तव्याचा. गार्डसाहेब म्हणाले, "लोक नोकरीत माती खातात, आपण भाजून खातोय."

भाजून गार झाल्यावर बारक्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक गुंडाळून त्या मातीतून फिरवलं. वर काढलं तर पिशवीला काळ्या कणांची दाढी फुटलेली. तांबड्या मातीत लोह असतं हे शाळेत घोकलं होतं, पण ते असं उठून उभं राहिलेलं प्रथमच पाहिलं. ते काढलं नाही तर छोट्या इंजिनाच्या मोटारीत चुंबक असतं, त्याला हे कण जाऊन चिकटतात आणि मोटार अडकते. पिशवी उलटी केली की दाढी गळून पडते. बारक्याने ती वीसेक वेळा उगवली आणि गाळली. काकूंचा नातू शाळेतून आल्यावर उरलेल्या वीस वेळा त्याने.

आणि या सगळ्यात, चूल विझायला आली असताना, गार्डसाहेब खिचडीचं बोलले.

मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे शेवटच्या गार्डच्या डब्यात, ते एकटे असायचे. मेल-एक्स्प्रेस पुढे जाऊ द्यायच्या म्हणून मालगाडी बाजूच्या लाइनीवर उभी करतात. कधी वीस मिनिटं, कधी चार तास. सांगता येत नाही. म्हणून सोबत स्टोव्ह, छोटा कुकर, तांदूळ, मुगाची डाळ. गाडी चालू असताना स्टोव्ह पेटवायची सोय नाही, डबा असा हिंदकळतो की फोडणी छताला लागेल. "त्यामुळे माझी खिचडी हप्त्यांनी व्हायची. फोडणी एका स्टेशनात, शिट्टी पुढच्या स्टेशनात. मध्ये सिग्नल मिळाला की स्टोव्ह बंद, कुकर दोन पायांत धरून बसायचं." किती पाण्याला किती तांदूळ, लसूण कधी, जिरं कधी, थांबलेल्या खिचडीला पुन्हा वाफ कशी द्यायची, हे ते बोलत होते आणि काकू मान डोलवत होत्या, बरोबरीच्या माणसाला डोलवतात तशी.

मी सहज विचारलं, "मग आता घरी तुम्हीच करत असाल?"

"छे. घरी माहीतच नाही."

"म्हणजे?"

"चौतीस वर्षांत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरीही करायला लागलं असतं." आणि हसले. मामा हसला, डॉक्टर हसले. बारक्याही हसला, त्याचा मला जास्त राग आला.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, आणि विचारलं, "आणि त्या काय समजायच्या, तुम्ही काय खाता?"

गार्डसाहेब म्हणाले, "डबा द्यायची ती. रोज. पहाटे तीनची ड्युटी असली तरी उठून."

"मग खिचडी कधी?"

"डबा संपल्यावर. ड्युटी लांबली की."

"आणि तिला काय सांगायचात?"

"भुकेला राहिलो म्हणून."

यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मी तिथे काहीतरी बोलायला हवं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मी चाळणी झटकत बसले. खरं म्हणजे मी कोणत्या तोंडाने बोलणार? मलाही गाडी चालवता येते हे मी सासरी दोन वर्षं लपवलं होतं, रोज सासऱ्यांना बँकेत सोडायला लागू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मागच्या स्वयंपाकघरात गार्डसाहेब होते. काकूंनी ओटा रिकामा करून दिला होता आणि स्वतः दारात स्टुलावर बसून चहा पीत होत्या. सहा माणसांची खिचडी, वर लसणाची फोडणी वेगळी. चांगली झाली होती. थोडी पातळ, पण ते म्हणाले, ब्रेकव्हॅनमध्ये घट्ट करून चालत नाही, कारण कधी थांबेल ते माहीत नसतं. मी फोटो काढला. ते म्हणाले, "ग्रुपवर टाकू नकोस हां." नाही टाकला. इथे लिहिते आहे, पण त्यांच्या घरी ब्लॉग कुणी वाचत नाही असं त्यांनीच सांगितलंय.

उतरताना मामाच्या मांडीवर दोन किलोचा श्रीखंडाचा डबा होता, आत माती. माझ्या बुटांचं काय झालं ते विचारू नका. गुडघा शाबूत परत आणला, एवढं मामीला दाखवता आलं.

महिन्याभराने मामाचा फोन. माती पसरली, वरून ड्रॉपरने फेविकॉलचं पाणी सोडलं, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला, म्हणजे ते पाणी मातीच्या वर गोळा होऊन न बसता आत मुरतं. सगळं रीतसर. पण वाळल्यावर रंग गडद झाला, चॉकलेटी. माथेरान राहिलंच नाही. आता पुन्हा जायला हवं, या खेपेला जरा उजळ माती बघू, असं तो म्हणाला. फेविकॉलने माती गडद होते हे त्याला पक्कं ठाऊक आहे, चाळीस वर्षं हेच करतोय.

खोल्या मिळतील का म्हणून त्याने काकूंना फोन केला होता. माती काळी पडली हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं जाळ कमी करा. पण डॉक्टर ऐकतील तर ना."

मामाने त्यांना फेविकॉलचं काही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला भाजायला त्या स्वतः बसणार आहेत.