२१ की ७: पोर्टिंगच्या स्पर्धेचा माझा अनुभव

२०१९ चा नोव्हेंबर. १ जानेवारी २०२० ला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, पायथन २ चा, सपोर्ट संपणार, हे सगळ्यांना केव्हापासून ठाऊक होतं. पायथन ३ तर २००८ मध्येच आलेलं. तरी आमच्या कामातल्या दोन ओपन सोर्स लायब्ररी (कुणालाही वापरता-बदलता येणारा तयार कोड) जुन्यावरच अडून बसलेल्या. त्या पायथन ३ वर आणायच्या, म्हणजे पोर्ट करायच्या होत्या. मला एकट्याला झेपेना, म्हणून सोलापुरात होटगी रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात कॉलेजच्या पोरांसाठी स्पर्धा लावली. पहिल्याला पाच हजार, बाकी ज्यांचं काम पूर्ण होईल त्यांना सोलापुरी चादर.

पहिला नियम मीच चुकवला: जास्त पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, पाठवेल तो पुढं. दोन दिवसांत ढीग लागला. उघडून बघतो तर कुणी रीडमी या माहितीच्या फाइलीतलं स्पेलिंग सुधारलंय, कुणी नुसत्या रिकाम्या ओळी काढल्यात. पोरांना काय बोलणार, मापच तसं ठेवलं होतं. (टी-शर्टपायी हेच हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या वार्षिक उपक्रमात पुढच्या वर्षी फार मोठ्या प्रमाणावर झालं.) मग नियम बदलला. पायथन ३ वर टेस्ट (कोड नीट चालतो का तपासणारा कोड) पास झाल्या की अर्धे गुण, मूळ लेखकानं बदल मर्ज केला, म्हणजे आपल्या कोडात घेतला, की उरलेले. पॅच एकदम आटले, पण आले ते कामाचे.

एकानं टू-टू-थ्री हे जुना कोड आपोआप बदलणारं टूल चालवलं, प्रिंटला कंस लागले, शेजारच्याला म्हणाला, "काय बे, झालं की!" एरर एकही नाही. पण शोधलेलं नाव काही सापडेना. फाइल बायनरी मोडमध्ये उघडलेली, त्यामुळं हाती मजकूर (स्ट्रिंग) नाही, कच्चे बाइट्स यायचे. बाइट्स आणि स्ट्रिंग सारखे आहेत का विचारलं की पायथन ३ गपगुमान 'नाही' म्हणतं. एवढं शोधण्यात अख्खी दुपार गेली. पायथन मायनस बी (-b) हा पर्याय लावून चालवलं असतं तर वॉर्निंग मिळाली असती, हे मलाही नंतर कळलं.

दुसरी गंमत लांबीची. पायथन २ बाइट मोजतं, ३ अक्षरचिन्हं; म्हणून 'सोलापूर' पायथन २ ला २१ वाटतं, ३ ला ७. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, काना-मात्रासुद्धा. लायब्ररी नावं २० वर कापायची, म्हणजे जुन्यात शेवटच्या 'र'चे दोनच बाइट उरायचे आणि तिथं प्रश्नचिन्ह उमटायचं. घरी तेलुगू बोलणाऱ्या एका मुलीनं मराठी, कन्नड आणि तेलुगू, तिन्ही लिप्यांत गावाचं नाव घालून टेस्ट लिहिल्या. मूळ लेखकाला त्याच सगळ्यात आवडल्या. गड्ड्याच्या जत्रेआधी तिचा बदल मर्ज झाला, पाच हजार तिलाच गेले.

दुसऱ्या लायब्ररीच्या लेखकाकडून मात्र काहीच उत्तर नाही. ज्यानं ती पोर्ट केली, त्याच्या सगळ्या टेस्ट पास, तरी गुण अर्धेच. नियम माझाच, पण समोरचा बोलतच नसेल तर पोरानं काय करायचं? आधी लेखकांना विचारून मगच लायब्ररी निवडायला हव्या होत्या. त्याचा फोर्क, म्हणजे त्यानं बदललेली वेगळी प्रत, आम्ही अजून वापरतोय. चादर त्याला दिली, "सर, नियमात बसतंय का?" असं विचारत विचारतच घेतली त्यानं.