सतरा रुपये शिल्लक

आमच्या घरात खर्चाची वही अजूनही आहे. दोनशे पानी, रेघांची, वर पुठ्ठ्याचे कव्हर असलेली. मी एका सहकारी पतसंस्थेत नोकरी करते, दिवसभर आकड्यांतच असते, त्यामुळे घरी आल्यावरही जमाखर्च लिहीत बसणारी बाई म्हणून ओळखीचे लोक माझी थट्टा करतात. ही सवय मला हौसेने लागलेली नाही, हे मी त्यांना कधी सांगितलेले नाही.

२००६ च्या मे महिन्यात माझे लग्न झाले आणि मी साताऱ्याहून पिंपरी-चिंचवडला नांदायला गेले. लग्नाआधी मी एका कर सल्लागाराकडे हिशेब लिहीत होते. ते काम आठ महिन्यांत सुटले, म्हणजे सोडायला लावले गेले. त्यानंतर रोज सकाळी नवरा मोजून पैसे देई आणि रात्री जेवण झाल्यावर वही तपासायला घेई. तपासणी चालू असताना मी समोर उभी राहायचे. तसे कोणी सांगितले नव्हते, पण बसायचेही कोणी सांगितले नव्हते. पटलेल्या रकमेपुढे लाल शाईने बरोबरची खूण होई, संशय आला तर प्रश्नचिन्ह. परवा चार रुपयांना मिळालेली कोथिंबिरीची जुडी आज पाचला कशी, याचे उत्तर मला द्यावे लागे, आणि बेरीज जुळली नाही तर दुसऱ्या दिवशीचे पैसे मिळत नसत. मुलगी दीड वर्षाची असताना सात रुपयांचा मेळ लागला नाही म्हणून दोन दिवस घरात दूध आले नाही. त्या दोन दिवसांत मी तिला साखरपाण्यात पोळी कुस्करून भरवली.

त्याने हात उचलला तो सात वर्षांत तीन वेळा. हा आकडा मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे ज्याला ज्याला सांगितले त्याने पहिला प्रश्न हाच विचारला की, रोज मारत तर नव्हता ना? तीन हा आकडा ऐकला की लोकांचे चेहरे निवळत, जणू मी तक्रार मागेच घेतली आहे. जिन्यात पावले वाजली की पोटात खड्डा पडणे, किल्ली कुलपात फिरली की हातातले काम खाली ठेवून ओट्याशी ताठ उभे राहणे, हे कोणत्या आकड्यात सांगायचे ते मला तेव्हा कळत नव्हते.

शेवटी वहीनेच वाट काढून दिली. नवरा स्वतः कधी भाजी आणत नसे, त्यामुळे भावाबद्दल त्याचे ज्ञान माझ्या मागच्या नोंदींपुरतेच होते, हे एके दिवशी माझ्या लक्षात आले. मग मी सगळ्याच भाज्यांचे भाव हळूहळू, एका वेळी आठ आणे किंवा रुपया असे, वहीत चढवत नेले. अकरा महिन्यांत १,१४० रुपये साठले. ते मी सॅनिटरी पॅडच्या पाकिटात ठेवले होते, कारण घरात तेवढी एकच वस्तू अशी होती जिला तो हात लावत नसे. जानेवारी २०१३ मध्ये, तो कामावर गेल्यावर, चार वर्षांच्या मुलीला दोन स्वेटर एकावर एक घालून मी स्वारगेटला आले आणि साताऱ्याची एसटी धरली. पिशवीत तिचे कपडे, माझी प्रमाणपत्रे आणि चालू वर्षाची वही होती. वही का घेतली याचे कारण मला आजही देता येत नाही.

माहेरी आई दोन दिवस बरी वागली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चार दिवस राहा, मग दादा सोडून येईल." मला परत जाऊ दिले नाही ते वहिनीने. तिचे-माझे कधी फारसे सख्य नव्हते. तिने वही उघडली, पाने उलटली, आणि दादाला एवढेच विचारले, "माझ्याकडे असा हिशेब मागाल का?" दुसऱ्या दिवशी तीच मला संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे घरातल्या छळाच्या तक्रारी नोंदवून घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, घेऊन गेली.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी, म्हणजे माझ्या लग्नाच्याच वर्षी, लागू झाला होता, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. तक्रारीवरून अधिकारी जो अहवाल भरतात त्याच्या छापील नमुन्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक असे प्रकार होते आणि त्यांच्याच ओळीत 'आर्थिक हिंसाचार' असा वेगळा रकाना होता. खाली तपशील होते: खर्चाला पैसे न देणे, अन्नवस्त्र-औषध न पुरवणे, नोकरी करू न देणे. तो रकाना वाचताना मला रडू आले नाही. उलट, परीक्षेत आपल्याला नेमका येणारा प्रश्न आल्यावर वाटते तसे काहीसे वाटले. पीडित बाई तात्पुरती जेथे राहते तेथल्या न्यायालयातही या कायद्याखाली अर्ज करता येतो, त्यामुळे पिंपरीला जावे लागले नाही. असा अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. समोरच्या बाजूने तारखांमागून तारखा मागितल्या आणि त्यातच वर्ष उलटले. वही पुरावा म्हणून दाखल झाली, तिला निशाणी क्रमांक पडला. लाल प्रश्नचिन्हांवरून आमच्या वकीलबाईंनी त्याला जे विचारले, त्याची उत्तरे देताना तो प्रथमच उभा होता आणि मी बसले होते.

घटस्फोट २०१७ मध्ये झाला. हा शब्द मला आवडत नाही. धर्मशास्त्रात पतित ठरवलेल्या माणसाला जातीबाहेर टाकताना पाण्याने भरलेला घडा लाथेने उलथवत, त्याला घटस्फोट म्हणत. जिवंत माणसाला मेलेला मानण्याचा तो विधी होता. नवराबायको वेगळे होण्यासाठी आपण नेमका हाच शब्द उचलावा, याचे मला नवल वाटते. त्यापेक्षा आमच्या आजीच्या तोंडचा 'काडीमोड' बरा, काडी मोडली आणि विषय संपला. आजीच्या आत्याचा काडीमोडीनंतर पाट लागला होता, म्हणजे दुसरे लग्न झाले होते, रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता, आणि पुढे चाळीस वर्षे तिने सुखाने संसार केला. ही गोष्ट आजीने मला सांगितली ती मी परत आल्यावर. त्याआधी घरात तिचा उच्चारही नव्हता.

मावशीने हौसेने माझे नाव एका वधूवर सूचक मंडळात घातले, तेव्हा फॉर्मवर 'निर्दोष घटस्फोटित' असे लिहायचे का, अशी विचारणा झाली. ही पदवी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींत मी पूर्वी शेकडो वेळा वाचली होती, पण दोष कोणी तपासायचा हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. पुढचा रकाना 'जबाबदारी' असा होता आणि त्यात माझ्या मुलीचे वय लिहायचे होते. मी फॉर्म परत मागून घेतला.

सर मला भेटले ते आमच्या पतसंस्थेत. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. ते आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेचे शिल्पनिदेशक आहेत, त्यांना सगळे 'सर' म्हणतात आणि लग्न झाल्यावरही माझ्या तोंडी तेच राहिले आहे. त्यांची पत्नी २०१४ मध्ये आजाराने गेली होती, मूल नव्हते. आईच्या ठेवीचे नूतनीकरण करायला ते आले होते आणि माझ्या हातून व्याजात ३१२ रुपयांची चूक झाली होती. त्यांनी ती दाखवली, आणि मी उभी राहून माफी मागू लागले, एकदा नव्हे, चारपाच वेळा. त्यांनी गोंधळून इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, "अहो मॅडम, बसा ना. तुम्ही कशाला उभ्या राहिलात?" ते स्वतःही उभे होते, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले आणि त्यांना हसू फुटले. मला हसू आले नाही. पण त्या संध्याकाळी घरी जाताना, चूक सापडूनही पुढे काहीच घडले नाही, या एका गोष्टीचा मी कितीतरी वेळ विचार करत राहिले.

त्यानंतर लग्नापर्यंत साडेतीन वर्षे गेली. त्यांतल्या बऱ्याचशा काळात सांगण्यासारखे काही नाही. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांत आम्ही दोघेही असू, कधी बरोबर चढत असू. २०२० च्या टाळेबंदीत ते रोज संध्याकाळी सात वाजता फोन करीत आणि दहा मिनिटांत ठेवीत. त्या वसंतात राष्ट्रीय महिला आयोगाने घरात कोंडल्या गेलेल्या बायकांसाठी व्हॉट्सॲपवर तक्रारीची सोय केल्याची बातमी वाचली. आपण आज त्या पिंपरीच्या खोलीत असतो तर, असा विचार मनात येऊन मी सातच्या फोनवर काहीच बोलू शकले नाही. तेही गप्प राहिले. दहा मिनिटे झाली तेव्हा म्हणाले, "उद्या करतो," आणि दुसऱ्या दिवशी केला. माझे प्रेम कधी जडले असे कोणी विचारले तर मी हा दिवस सांगते, जरी हे उत्तर ऐकणाऱ्याला फार पुरेसे वाटत नाही.

सरांनी मला सावरले, मला नवे आयुष्य दिले, असे नातेवाईक म्हणतात तेव्हा मात्र मी अडवते. १,१४० रुपये मी साठवले होते, वहिनी माझ्या बाजूने उभी राहिली होती आणि ते भेटेपर्यंत मुलीची पाचवी इयत्ता माझ्या पगारावर पार पडली होती. त्यांनाही हे श्रेय नको आहे.

मुलीने आपली चौकशी स्वतंत्रपणे केली. शेजारचा एक मुलगा सरांच्या हाताखाली शिकलेला होता, त्याला तिने विचारले, "सर ओरडतात का?" तो म्हणाला, "ओरडतात, पण चालू वायरीला हात घातला तरच." हे उत्तर तिने मला तेरा वर्षांच्या मुलीला शोभणाऱ्या गांभीर्याने कळवले आणि वर म्हणाली, "माझी हरकत नाही. पण मी त्यांना काका म्हणणार."

हरकत हा शब्द पुढे महिनाभर माझ्या मानगुटीवर बसला. आम्हाला विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करायचे होते आणि त्यात विवाहाची नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी तीस दिवस लावतात. आमची दोघांची नावे आणि पत्ते त्या फळ्यावर असणार, ती कोणीतरी वाचणार, कोणीतरी पिंपरीला कळवणार, या विचाराने मला पुन्हा जिन्यातली पावले ऐकू येऊ लागली. वकीलबाईंनी शांतपणे समजावले, की दोघेही साताऱ्याचेच रहिवासी असल्याने नोटीस दुसऱ्या जिल्ह्यात पाठवली जाणार नाही, आणि हरकत घ्यायची तर आधीचे लग्न अस्तित्वात आहे, वय कमी आहे अशी कायद्यातली कारणे लागतात, पूर्वीच्या नवऱ्याचा राग हे कारण होत नाही. घटस्फोटाविरुद्ध अपिलाची नव्वद दिवसांची मुदतही केव्हाच संपलेली होती. मला हे सारे पटले आणि तरीही मी ते तीस दिवस कॅलेंडरवर खोडत काढले. मामा तेवढ्यात म्हणाले, "लग्न केलेस की तुझी पोटगी बंद होईल, वेडी आहेस का?" माझी बंद होणार होती, मुलीची नाही, आणि हे मला त्यांच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या. त्यातली एक सही वहिनीची आहे.

आता वहीकडे येते. लग्नाला पंधरवडा झाला असेल. जेवण झाले, भांडी आवरली आणि मी वही आणून सरांच्या पुढ्यात ठेवली. ठरवून नव्हे, हात आपोआप गेले. त्यांना वाटले बेरजेला मदत हवी आहे, म्हणून त्यांनी चष्मा लावून सगळे पान तपासले आणि हसत म्हणाले, "सतरा रुपये जास्त शिल्लक दिसतायत. कुठे दरोडा घातलास?"

मी उभीच होते. भाजीवालीने सुटे नाहीत म्हणून कालचे आज दिले, असे काहीसे मी बोलू लागले, मग कोथिंबिरीचा भाव सांगू लागले आणि मध्येच थांबून स्वयंपाकघरात गेले. ते मागोमाग आले, तेव्हा मी त्यांना बाहेर जायला सांगितले, फार कठोर आवाजात. दोष त्यांचा नव्हता, हे कळत असूनही मला त्यांचा संताप आला होता. पुढचे दोन दिवस आम्ही कामापुरते बोललो. माणूस चांगला निवडला म्हणजे मागचे सारे आपोआप मिटते, असा माझा समज होता, तो त्या दोन दिवसांत गेला.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना सगळे सांगितले: लाल शाई, प्रश्नचिन्हे, दुधाचे दोन दिवस. छळ झाला होता एवढे त्यांना ठाऊक होते, तपशील मी कधी दिले नव्हते. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाले, "वही बंद कर असे मी सांगणार नाही, ती तुझी आहे. पण मला दाखवू नकोस, मला तपासनीस व्हायचे नाही." हे मला पटले, आणि मनात थोडे लागलेही, कारण तपासणारे कोणी नसेल तर लिहायचे कशासाठी, ते मला उमगत नव्हते.

महिनाअखेरीस बेरीज मारायला वही उघडली, तर माझ्या नोंदींच्या मधूनमधून दुसरे अक्षर होते. टेस्टरच्या टोकाने कोरल्यासारखे ते तिरके, बारीक अक्षर मी ठेवीच्या अर्जावर पाहिले होते. निळ्या शाईत, तारीखवार लिहिले होते: 'पेट्रोल २००. आईच्या गोळ्या ३४०. तंबाखू १० (सोडली म्हणालो होतो, ते खोटे). मुलीला वडापाव १५, तुला सांगू नको म्हणाली. खारे दाणे २०, एकट्याने खाल्ले.'