ट्रॅक सायकलिंग सुरू करायचंय? आधी ब्रेक विसरा

मी वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल रेसिंगच्या ट्रॅकवर, सायकल चालवायला जातो म्हटलं की दोन प्रकारचे लोक भेटतात. एकांना वाटतं स्टेडियममध्ये गोल गोल फिरण्यात काय मजा, आणि दुसऱ्यांना सायकलीला ब्रेकच नसतात हे कळल्यावर माझी काळजी वाटायला लागते (यात आई पहिली). प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकतो.

मी जातो ते साउथ लंडनमधलं हर्न हिल वेलोड्रोम. दोन घरांच्या मधून एक बोळ आत जातो, बाहेरून बघून कोणाला खरं वाटणार नाही की मागे सुमारे ४५० मीटरचा ट्रॅक आहे. १८९१ सालचं आहे हे, आणि १९४८ च्या ऑलिम्पिकचं ट्रॅक सायकलिंग इथेच झालं होतं. तेव्हा रेसेस इतक्या लांबल्या की टँडमची (दोघांनी मिळून चालवायच्या सायकलची) फायनल जवळजवळ अंधारात झाली. आपल्या लोकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे त्या ऑलिम्पिकला भारताचे सायकलपटूही होते, त्यात मुंबईचे पारशी बरेच. मला हे कळल्यावर ट्रॅककडे बघायची नजरच बदलली राव. ब्रिटनचा ऑलिम्पिक विजेता सायकलपटू ब्रॅडली विगिन्स लहानपणी इथे रेस करायचा वगैरे इथले लोक अभिमानाने सांगतात, ते ठीकच आहे, पण मुंबईहून आलेली ती पोरं याच वळणांवरून गेली याचं मला जास्त अप्रूप.

आता सायकल. फिक्स्ड गिअर, म्हणजे मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. फ्रीव्हील नाही, गिअर बदलणं नाही, ब्रेक नाही. रोडबाइकवर आपण दमलो की पाय थांबवतो, ही सवय इतकी मुरलेली असते की ट्रॅकवर पहिल्यांदा तसं केलं की सायकल पायांना असा झटका देते की झोप उडते. सगळ्यांनाच एकदा तो बसतो, कोच लोक बघून हसतात आणि पुढे जातात. थांबायचं असेल तर पायाचा जोर कमी करत जायचं, जरा बँकिंगवर (ट्रॅकच्या तिरक्या उतारावर) वर जायचं म्हणजे चढामुळे स्पीड आपोआप उतरतो, मग हळूहळू खाली येऊन कठड्याला हात लावायचा. म्हणजे थांबायचं कुठे हे अर्धा राउंड आधी ठरवायला लागतं.

बँकिंगची भीती मात्र उगाच असते. हर्न हिलचं बँकिंग सौम्य आहे, सगळ्यात तीव्र जागी साधारण १८ अंश, त्यामुळे नवख्यांसाठी झकास. लंडनमध्येच स्ट्रॅटफर्डला २०१२ च्या ऑलिम्पिकचं इनडोअर वेलोड्रोम आहे, लाकडी, २५० मीटरचं, तिथे वळणावर ४२ अंश. खालून बघितलं की भिंतच वाटते. पण तिथेही तेच सूत्र, स्पीड ठेवला तर टायर धरून ठेवतो, घाबरून हळू झालात तर घसरलात. हे डोक्याला पटतं, पायांना पटायला वेळ लागतो.

ट्रॅकवर रेघा असतात त्या पहिल्याच सेशनला समजावतात. सगळ्यात खाली काळी रेघ, ट्रॅकची लांबी तिच्यावर मोजतात. तिच्या जरा वर लाल, तिला स्प्रिंटर्स लाइन म्हणतात, आणि त्याच्याही बरीच वर निळी. हळू जाणाऱ्यांनी, दम खाणाऱ्यांनी निळीच्या वर राहायचं. फिरायचं घड्याळाच्या उलट, ओव्हरटेक कायम उजवीकडून म्हणजे वरून, आतून कधीच नाही. आणि वर सरकायच्या आधी उजव्या खांद्यावरून मागे बघायचं म्हणजे बघायचंच. मागून कोणी येत असेल तर तो ओरडतो, ‘स्टे!’ त्याचा अर्थ आहेस त्याच रेषेत राहा, हलू नकोस.

पुण्यात टू-व्हीलर चालवून मोठा झालेल्या माणसाला खरं अवघड जातं ते हे. आपली सगळी अक्कल काय, तर जागा दिसली की घुस, डावीकडून उजवीकडून जिथून मिळेल तिथून, आणि मागचा बघेल त्याचं तो. कर्वे रोडवर संध्याकाळी साडेसहाला हेच चालतं, दुसरं काही चालतच नाही. ट्रॅकवर पुढच्याच्या आणि काळ्या रेघेच्या मध्ये मस्त फट दिसते आणि हात शिवशिवतात, पण तिथे घुसलात तर पुढचा खाली येताना तुमच्यासकट तीन-चार जणांना घेऊन पडणार. ब्रेक कोणालाच नाही, म्हणून कोणी अचानक थांबत नाही, आणि म्हणूनच पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतरावर चालवता येतं. मला तर आता रस्त्यावरच्या ग्रुप राइडची जास्त भीती वाटते. तिथे पुढचा खड्डा बघून कधी ब्रेक मारेल सांगता येत नाही.

थोडा हात बसला की लाइन करून फिरवतात. चार-पाच जण एकामागे एक, पुढचा एक राउंड समोरचा वारा झेलतो, मग वळणावर खांद्यावरून बघून वर जातो, बाकीचे खालून निघून जातात आणि तो उतारावरून घसरत शेवटच्याच्या मागे येऊन चिकटतो. नीट जमलं की जराही जास्त जोर न लावता सायकल बरोब्बर जागेवर येते आणि उगाच हसू फुटतं. नाही जमलं तर मध्ये दहा फुटांची फट राहते, आणि ती भरून काढताना जीव जातो. अजून माझं निम्म्या वेळेला हे दुसरंच होतं.

घरून विचारणारच, आपल्याकडे कुठे? पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात वेलोड्रोम आहे, ते संकुलच १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी झालं. दिल्लीला २०१० च्या कॉमनवेल्थच्या वेळचं लाकडी इनडोअर आहे. आणि आपल्या पोरांनी २०१९ मध्ये ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये टीम स्प्रिंटचं गोल्ड आणलंय, एसो अल्बन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग. तेव्हा आपल्या कुठल्या ग्रुपवर कोणी एक मेसेज टाकला नव्हता, क्रिकेटचे मीम मात्र रोज.

ज्यांना यायचंय त्यांनी स्वतःची सायकल घ्यायच्या फंदात आत्ता पडू नका, ट्रॅकची सायकल तिथे भाड्याने मिळते. पूर्ण बोटांचे ग्लोव्हज आणा, पडलात तर आधी तळहातच सोलतात. हर्न हिल उघड्यावर आहे, ट्रॅक ओला असेल तर सेशन रद्द, आणि लंडन आहे हे, त्यामुळे निघायच्या आधी चेक करा. आणि बुकिंग करताना उंची विचारली तर खरी लिहा, त्यावरून सायकल काढून ठेवतात. बायोडाटातली उंची नको.