मध गोठलाय? फेकू नका, आणि उकळू तर अजिबातच नका

थंडी पडायला लागली की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, अगं बरणीत खाली साखर बसलीय, भेसळ आहे का गं? आणि काहीजण तर न विचारताच बरणी कचऱ्यात टाकतात, त्याचंच जास्त वाईट वाटतं. खाली पांढरट दाणे आणि वर थोडा पातळ मध दिसला म्हणजे मध खराब झाला असं नसतं हो. मधात मुख्य दोन साखरा, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि पाणी जेमतेम १७ ते २० टक्के, आता एवढ्याशा पाण्यात एवढी साखर किती दिवस विरघळलेली राहणार? ग्लुकोज हळूहळू बाजूला होतं आणि दाणे धरतं, फ्रुक्टोज पातळच राहतं. म्हणून ज्या फुलांच्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर बसतो, मोहरीचा मध काढल्यावर काही आठवड्यांतच लोण्यासारखा घट्ट होतो, सूर्यफुलाचाही पटकन बसतो, आणि काश्मीरचा अकेशियाचा मध कितीतरी महिने पातळ राहतो. दुकानातला ब्रँडेड मध बहुतेक वेळा गरम करून बारीक गाळलेला असतो त्यामुळे तो लवकर बसत नाही, इतकंच.

बरं, याचा अर्थ गोठला म्हणजे शुद्धच असंही नाही. पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं, कागदावर ठेवणं, या घरगुती टेस्टनी भेसळ कळत नाही, ते लॅबचं काम.

आता पातळ कसा करायचा ते. मोठ्या पातेल्यात पाणी तापवायचं, तळाला बारीक बुडबुडे दिसायच्या आधीच गॅस बंद, मग बोट घालून बघायचं, बोट आरामात ठेवता येतंय एवढंच कोमट हवं, थर्मामीटर असेल तर ४० डिग्रीच्या आसपास. पातेल्यात खाली एक जुनं फडकं घडी करून ठेवा म्हणजे बरणी थेट तळाला टेकत नाही, मग काचेची बरणी उभी ठेवा, पाणी आतल्या मधाच्या लेव्हलपर्यंत यायला हवं पण झाकणाच्या खूप खाली. झाकण लावलेलंच असू द्या कारण मधात पाण्याचा एक थेंबही जायला नको. प्लॅस्टिकची पिळायची बाटली असेल तर मध आधी काचेच्या बरणीत काढून घ्या, चमचा कोरडा ठणठणीत हवा. पंधरा-वीस मिनिटांनी पाणी गार होतं, ते बदलायचं, मध हलवायचा, परत ठेवायचा. अर्धा किलोच्या बरणीला तास-दीड तास सहज जातो, कधी त्याहून जास्त, आणि कडेचा मध पातळ झाला तरी मधोमध दाण्यांचा गोळा बराच वेळ तसाच असतो, तिथे घाई करून गॅस परत लावायचा मोह होतो तो टाळायचा. मायक्रोवेव्ह नकोच, त्यात एका जागी मध उकळतो आणि शेजारी गोठलेलाच राहतो.

४० डिग्रीच का? तर पोळ्यात माश्या स्वतःच ३४-३५ डिग्री राखतात, आपण त्याच्या जरासंच वर जातोय. जास्त तापवलं की मधातली एन्झाइम्स मोडतात, वास उडतो, रंग गडद होतो आणि एचएमएफ नावाचा, साखर तापल्याने तयार होणारा पदार्थ वाढतो, आपल्याकडच्या नियमात त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. हे नुसतं तापमानावर नाही, वेळेवरही असतं, म्हणून कोमट पाण्यात दिवसभर ठेवून देणंही बरोबर नाही. आणि लागेल तेवढाच छोट्या बरणीत काढून गरम करा, एखादा बारीक दाणा राहिला तरी त्याच्याभोवती परत दाणे धरतात, मग तोच मध पुन्हापुन्हा तापवणं आलं.

घरातली मोठी माणसं म्हणतात मध गरम करायचाच नाही, चरकसंहितेतही उष्ण मध वर्ज्य सांगितलाय. माझं मत विचाराल तर ज्यांना ते पाळायचंय त्यांनी गोठलेला मध तसाच खावा, त्याच्याशी वाद घालायचं काही कारणच नाही, गरम भाकरीवर नाही तर जरा निवलेल्या भाकरीवर तुपासोबत... नको, मध-तूप समप्रमाणात नको हेही तेच लोक सांगतात, मग नुसताच चोपडा, मस्त रवाळ लागतो.

एक गोष्ट मात्र नीट बघा. दाणे बसले की वरच्या पातळ भागात पाण्याचं प्रमाण वाढतं आणि तिथे यीस्ट वाढू शकतं. वर फेस आलाय, आंबूस वास येतोय, झाकण उघडताना फुस्स आवाज झाला, तर तो मध आंबलाय, तो गरम करून सुधारत नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, कोमट करून नाही, चाटणातून नाही, बोटाला लावून नाही, बोट्युलिझम या बाळांच्या जिवावर बेतू शकणाऱ्या आजाराचे बीजाणू मधात असू शकतात आणि ते अशा गरमीने मरत नाहीत.

फ्रिजमध्ये मध ठेवायची गरज नसते, ओट्यावरच्या कपाटात, स्वयंपाकघराच्या उबेत, घट्ट झाकण लावून ठेवा, कारण दाणे सगळ्यात भराभर १४ डिग्रीच्या आसपास धरतात, म्हणजे आपल्या पुण्या-नाशिकच्या डिसेंबरच्या रात्री.

आणि ह्याच १४ डिग्रीचा उपयोग करून परदेशात मुद्दाम मध गोठवतात, तिकडे राहणाऱ्यांनी क्रीम्ड हनीचे डबे बघितले असतीलच. एल्टन डाइस या संशोधकांनी १९३५ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट घेतलं. आयडिया साधी आहे, पातळ मधात अगदी बारीक दाण्यांचा थोडा मध मिसळायचा आणि थंडाव्याला ठेवायचा, सगळे दाणे तसेच बारीक होतात, जिभेला खरखर लागत नाही. दाणे मोठे खरखरीत झालेले असतील तर मध असा कोमट करून पूर्ण गार होऊ द्या, पाव किलोला बारीक दाण्यांच्या मधाचा एक मोठा चमचा घाला, फेस न आणता हळू ढवळा आणि जानेवारीत घराच्या सगळ्यात गार कोपऱ्यात आठवडा-दोन आठवडे ठेवून द्या.