नारळ परत आला

रात्रीचे साडेदहा झाले, आई झोपली आणि तो नारळ काही डोक्यातून जात नाही.

सकाळी पैठणच्या नागघाटावर गेले. नारळाला राखी बांधली, हळदकुंकू वाहिलं आणि गोदेत सोडला. धाकटा जहाजावर गेल्यापासूनची ही दुसरी राखी पौर्णिमा. मंगळवारपासून फोन नाही; रेंज नसते म्हणतात. आई म्हणालीच होती, "आपल्याकडं हे नसतं बाई, तो कोळ्यांचा सण." पण हर्णैला पाहिलेली नारळी पौर्णिमा डोळ्यांपुढून हलत नाही. सोनेरी कागदातला नारळ, पताका लावलेल्या होड्या, दर्यापुढं पदर पसरून 'शांत हो, आमची माणसं सांभाळ' म्हणणाऱ्या बाया. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, तरी दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, असं त्या सांगत होत्या.

माझा नारळ दोन हात गेला, गरकन फिरला आणि पायरीला येऊन टेकला. ढकलला. परत आला. तिसऱ्यांदाही.

घेतला नाही का? राखी बांधली म्हणून? त्याचं जहाज अरबी समुद्रात. आणि गोदावरी त्र्यंबकला उगवते, तिथून तो समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, तरी त्याच्याकडं पाठ करून १,४६५ किलोमीटर वाहत जाते ती बंगालच्या उपसागराला. म्हणजे मी नारळ भलत्याच समुद्राकडं सोडला. तिथवर तरी कसा जाणार? आपेगाव, हिरडपुरी, विष्णुपुरी, बाभळी, ठायी ठायी पाणी अडवलेलं. घाटावर बसून रडले. सगळ्यांचे भाऊ पाटावर बसलेले, आणि माझाच... जाऊ दे.

पण घेतला का नाही?

एक पोरगं पोहत आलं. "ताई, घेऊ का?" मला बोलवेना. त्यानं राखी सोडवून माझ्या हातात दिली, नारळ पायरीवर फोडला आणि अर्धी वाटी पुढं केली. तेव्हा आठवलं, हर्णैलाही पोरं नारळामागं पाण्यात उड्या टाकत होती. बायांनी ते पाहिलं होतं, आणि हात जोडून त्या स्वयंपाकाला घरी वळल्या होत्या.

आईनं वाटी पाहिली, काही विचारलं नाही. खोबरं किसायला घेतलं. "त्यांच्या त्या भातात गूळ किती घालतात गं?" मलाही नीट माहीत नव्हतं. जरा कमीच पडला. दोघींनी खाल्ला.

राखी दोरीवर वाळत घातलीय. हिरवा रंग थोडा गेलाय. धाकटा दिवाळीनंतर येईल.