मेळघाटात नाचरा बेडूक?

ऑक्टोबरात सेमाडोहजवळच्या एका नाल्यावरून नऊ सेकंदांची क्लिप आली. दगडावर बेडूक, मागचा एक पाय हवेत ताणलेला. मी पोहोचेपर्यंत एका पेपरात 'मेळघाटात नाचरा बेडूक' छापूनही झालं होतं. पोटाचा, बोटांचा एक फोटो नसताना!

नाचरे बेडूक, म्हणजे मायक्रिक्सॅलस, पश्चिम घाटातले. २०१४ साली एकाच शोधनिबंधात त्यांच्या १४ नव्या जाती नोंदल्या गेल्या. पाण्याच्या खळखळाटात हाक विरते, म्हणून नर पाय बाजूला ताणून बोटांमधला पडदा फाकवतो आणि शेजारच्या नराला दटावतो. मादी तळाची वाळू मागच्या पायांनी उकरून अंडी घालते, वर झाकते. एका जातीचे बेडूकमासे २०१६ मध्ये वर्णिले गेले. ते खडीत गाडून राहणारे, डोळ्यांवर कातडी, आतड्यात वाळू. यांना बारमाही, सावलीतलं पाणी लागतं. आपले मेळघाटातले नाले उन्हाळ्यात आटून डोहांवर येतात. तरी पाहिल्याशिवाय 'नाही' लिहायचं नाही.

वनरक्षकासोबत सकाळी गेलो. हाताला मच्छरांचं मलम नको, साबणाचा अंशही नको. बेडकाची कातडी सगळं शोषते. हात नाल्याच्याच पाण्यात ओले करायचे. बेडूक पारदर्शक पिशवीत, सोबत घोटभर पाणी, बाकी हवा. मग फोटो: पाठ, कूस, पोट, पुढचा पंजा, मागचा पंजा, शेजारी मोजपट्टी. ओळख मागच्या पंजावर ठरते आणि नेमका तोच कुणी काढत नाही. माझाही पहिला फोटो वाया गेला, पिशवीला आतून वाफ धरली होती.

नाचऱ्याच्या बोटांना टोकाशी चकत्या असतात. इथे टोकं निमुळती, पडदा टोकापर्यंत, डोळे डोक्यावर चढलेले, लांबी ४३ मिमी. पिशवी उघडली तसा डोहावरून टप्पे घेत पळाला. कुठल्याही शेततळ्यात दिसतो तोच, पाण्यावर तुरतुरणारा.

मग पाय का ताणला? क्लिप काढणाऱ्या पोराकडे मूळ मागितली. दोन मिनिटांची निघाली. पाठ कमानीसारखी, तोंड उघडझाप, पायांनी अंग पुसत पातळ कात तोंडाकडे ओढणं, गिळणं.

"म्या तं पाह्यलं सर, कातडं खाऊन राह्यला होता. लोकायले घाण वाटंन म्हून कापलं."

दुरुस्ती पेपरला दोनदा पाठवली, क्लिपसकट. छापून आलेली नाही. वहीत मीही त्या दिवशी 'नाचरा: नाही' एवढंच लिहिलं होतं. कातेची ओळ रात्री जोडली, दुसऱ्या शाईत.